इफेससच्या उतरणीवर

पहिला दिवस : चाळीसगाव ते मुंबई

एकतीस वर्षे इतिहास शिकवताना मी फळ्यावर भूमध्य समुद्राचा नकाशा कितीदा काढला असेल याचा हिशेब नाही. पण त्या नकाशातले एकही बंदर मी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, तो योग आला. पाचोऱ्याच्या माझ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आमचे हे आणि मी, शिवाय जळगाव आणि भडगावकडची सहा मंडळी, असे नऊ जण रात्रीच्या गाडीने चाळीसगावहून मुंबईला निघालो. अथेन्सपर्यंत विमान, तिथून पाच रात्रींचे जहाज आणि वाटेत तुर्कस्तान व ग्रीक बेटे असा बेत होता. अक्कांनी दशम्या, लसणाची चटणी आणि बिबडे इतके घेतले होते की ह्यांच्या बॅगेतले दोन स्वेटर काढून जागा करावी लागली.

या प्रवासात मला सर्वांत जास्त ओढ होती ती इफेससची, तुर्कस्तानातल्या त्या प्राचीन शहराच्या अवशेषांची. जहाजाच्या वेळापत्रकात त्याच्या वाट्याला एका सकाळचे चार-साडेचार तास होते, आणि एवढ्या वेळात, एवढ्या गर्दीत आपल्याला नेमके काय दिसेल ही चिंता मी घरूनच सोबत घेतली होती.

दुसरा दिवस : अथेन्स

मुंबईहून एक विमान बदलून दुपारी अथेन्सला पोहोचलो आणि सामान ठेवून संध्याकाळच्या वेळेचे तिकीट घेऊन ॲक्रॉपोलिसवर, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीवर, चढलो. वेळेचे तिकीट म्हणजे ज्या तासाचे असेल त्याच तासाला दारातून आत जायचे. दिवसाला वीस हजार माणसांपलीकडे कोणाला सोडायचे नाही, असा नियम तिथे २०२३च्या सप्टेंबरपासून लागू झाला आहे. त्याआधी हंगामात एका दिवसात तेवीस हजारांपर्यंत लोक टेकडीवर चढत असत. टेकडीचा माथा इतका मर्यादित आहे की वीस हजार हा आकडाही तिथे उभे राहिल्यावर मोठाच वाटतो.

तिथले अथीना देवीचे देऊळ, पार्थेनॉन, बांधायला इसवी सनपूर्व ४४७मध्ये सुरुवात झाली आणि इसवी सनपूर्व ४३२मध्ये त्याचे शिल्पकाम संपले. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. त्याच्या मधल्या भागाची जी वाताहत दिसते ती मात्र काळाने हळूहळू झालेली नाही. १६८७मध्ये तुर्कांनी तिथे दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या फौजेने डागलेला तोफगोळा आत पडला आणि दोन हजार वर्षे उभी राहिलेली इमारत एका संध्याकाळी फुटली. ही गोष्ट मी शिकवताना उल्लेखापुरती सांगितली असेन. पण तिथे पसरलेल्या खांबांच्या चकत्यांमधून चालताना तीच मनात राहिली. वर क्रेन होती, लाकडी परांची होती, आणि जुन्या पिवळसर संगमरवराला जोडलेले पांढरेशुभ्र नवे तुकडे होते. नवा दगड जुन्यासारखा रंगवायचा नाही, तो वेगळा ओळखू आला पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष मला फार आवडला.

उतरताना पायऱ्यांचा संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालेला होता की अक्कांना दोन्ही बाजूंनी धरून आणावे लागले. ज्येष्ठ मंडळींनी तिथे रबरी तळव्यांचे बूट घालूनच जावे. आमच्यातले एक गृहस्थ चपलांवर घसरले आणि पुढचे तीन दिवस मनगट बांधून हिंडले.

तिसरा दिवस : पिरियस बंदर

अथेन्सचे बंदर पिरियस. तिथे दुपारी जहाजात बसलो. सामान तपासणी, पासपोर्ट, छायाचित्र, आणि मग प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. पुढचे पाच दिवस खोलीचे दार उघडण्यापासून जहाजातून उतरण्या-चढण्यापर्यंत सगळे त्या कार्डावर. कार्ड यंत्राला दाखवले की आपण जहाजाबाहेर गेल्याची नोंद होते आणि परत दाखवले की आत आल्याची, त्यामुळे निघण्याच्या वेळी कोण राहिले ते त्यांना लगेच कळते. आयोजकांच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर हिंडायला गेलेल्याला उशीर झाला तर मात्र पुढचे बंदर त्याने आपले आपण गाठायचे असते. हे ऐकून आमच्यातल्या सर्वांनी आयोजकांचीच सहल घेतली. तो निर्णय सुरक्षित होता, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

चौथा दिवस : कुशादासी आणि इफेसस

पहाटे साडेपाचला डेकवर आले तेव्हा समोर आशिया खंड होता. कुशादासी हे आजचे बंदर. इफेसस तिथून वीसेक किलोमीटर आत, सेल्चुक या गावाजवळ. आमच्या आधीच दोन मोठी जहाजे धक्क्याला लागलेली होती आणि त्यातून उतरलेली माणसे बसगाड्यांच्या रांगांकडे चाललेली वरून दिसत होती. साडेसातला आम्ही उतरलो. छातीवर बसच्या क्रमांकाचा कागद चिकटवला, कानात इअरफोन घातले आणि मार्गदर्शक बाईंच्या हातातली क्रमांकाची पाटी नजरेत ठेवून निघालो.

इअरफोनची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाई दिसेनाशा झाल्या तरी त्यांचा आवाज कानात येत राहतो. तो खरखरू लागला की आपण मागे पडलो असे समजावे. त्या अडीच तासांत मी तीनदा मुद्दाम तो खरखरू दिला.

इफेससला वरच्या दाराने शिरायचे आणि उतार उतरत खालच्या दाराने बाहेर पडायचे, अशी रीत आहे. वरच्या दाराशीच इतकी दाटी होती की अक्का थबकल्या आणि म्हणाल्या, “आठे ते सारंगखेडानी जत्रा भरेल शे!” दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार आणि एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथे ज्याने अंग चोरून वाट काढली आहे त्याला त्या दाराशी नवे असे काही नव्हते. मला मात्र सुरुवातीला वाईटच वाटले. आयुष्यभर ज्या गावाची वाट पाहिली त्याच्या दगडांऐवजी मला टोप्या, छत्र्या आणि उंच धरलेले मोबाइल दिसत होते.

बाई सांगत होत्या की हे इफेससचे पहिले ठिकाण नव्हे. अलेक्झांडरच्या सेनापतींपैकी लायसिमॅकस याने इसवी सनपूर्व ३००च्या सुमारास हे शहर दोन टेकड्यांच्या मधल्या या घळीत वसवले. जुन्या गावातले लोक हलायला तयार नव्हते, तेव्हा त्याने मोठा पाऊस येण्याची वाट पाहिली आणि गटारांची तोंडे बुजवून गावात पाणी तुंबवले, मग लोक आपणच निघाले. स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने हे लिहून ठेवले आहे. गाव पाण्याने उठते म्हणजे काय होते ते नंदुरबारकडच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात घरे गेलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. आमच्यातल्या भडगावच्या भाऊंचे सासर तिकडचेच, ते पुढे कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

वरचा चौक, तिथले लहान सभागृह आणि अखंड अग्नी जपण्याची जागा ओलांडून आम्ही हेराक्लीसच्या दाराशी आलो आणि गर्दी तिथे पूर्ण थांबली. रस्त्याच्या मधोमध दोन कोरीव खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये माणसांनाच जाता येईल एवढी वाट. उत्तरकाळात गाड्या खालच्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून हे दार इथे बसवले गेले असे सांगतात. गाड्यांसाठी केलेली ती अडवणूक आज तीन जहाजांच्या माणसांना एकेक करून सोडत होती. तिथे दहा मिनिटे खोळंबून उभी असताना उतरणीचा तो सबंध रस्ता प्रथमच नीट दिसला: संगमरवरी फरसबंदी, दोन्ही बाजूंना पुतळ्यांचे चौथरे, आणि तळाशी, सकाळच्या उन्हात, सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत.

तिथेच बाईंनी जे सांगितले त्याने त्या दिवसाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. इसवी सन १०४मध्ये सालुतारिस नावाच्या एका धनिकाने शहराला मोठी देणगी दिली आणि तिच्या अटी दगडावर कोरून ठेवल्या. आर्टेमिस देवीच्या आणि इतर सोन्या-चांदीच्या मूर्ती देवळातून काढायच्या, वरच्या मॅग्नेशिया वेशीतून शहरात आणायच्या, याच उतरणीने खाली नाट्यगृहापर्यंत न्यायच्या आणि पलीकडच्या वेशीने परत देवळात पोहोचवायच्या, अशी मिरवणूक ठरावीक दिवशी, वर्षातून अनेकदा, निघावी असे त्यात आहे. शहरातली तरुण मुले वेशीपाशी मूर्ती ताब्यात घेत आणि पुढे चालत.

म्हणजे आम्ही ज्या वाटेने रेटले जात होतो ती पालखीचीच वाट होती. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो, तेव्हा चाकांना मोगरी लावत लावत तो अरुंद पेठेतून पुढे काढतात आणि दुतर्फा ओट्यांवर पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या पेठेची रुंदी ज्याला समजून घ्यायची असेल त्याने रथाच्या दिवशीच तिथे उभे राहावे. या उतरणीचेही तसेच होते. रिकामी असती तर ती मला छायाचित्रासारखी दिसली असती. माणसांनी भरलेली असताना दुकानांचे उंबरे किती उंच आहेत, कोणत्या पायरीवर माणूस टेकायला वळतो, कोणत्या कोपऱ्यावर सावली म्हणून घोळका जमतो, हे सगळे आपोआप उलगडत गेले. सार्वजनिक शौचालयाच्या संगमरवरी बाकावर मुले हसत बसली होती. रोमन सम्राट हेड्रियनच्या लहानशा देवळासमोर सर्वांच्या माना एकदम वर होत होत्या. त्या उतरणीवरच्या गर्दीबद्दल माझ्या मनातली तक्रार तिथे संपली. वेळेबद्दलची राहिली, आणि ती रास्त होती असे मी आजही म्हणेन.

ग्रंथालयासमोर बाईंनी वीस मिनिटे मोकळी दिली. तिबेरियस ज्युलियस सेल्सस पोलेमिआनुस हा रोमन सत्तेखालच्या आशिया प्रांताचा राज्यपाल होता. तो वारल्यावर त्याच्या मुलाने, ॲक्विलाने, बापाच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय उभारायला घेतले. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ते पूर्ण झाले. आत सुमारे बारा हजार ग्रंथांच्या गुंडाळ्या राहतील अशी सोय होती, ओल लागू नये म्हणून भिंत दुहेरी होती आणि सकाळचा उजेड मिळावा म्हणून दर्शनी बाजू पूर्वेकडे. खाली तळघरात सेल्ससची शवपेटी आहे. शहराच्या आत दफन होण्याचा मान फार थोड्यांना मिळे. तिसऱ्या शतकात आतला भाग जळाला, पुढे भूकंपाने भिंतही कोसळली, आणि १९७०च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले दगड जुळवून ती पुन्हा उभी केली. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती म्हणजे ज्ञान, प्रज्ञा असे सद्गुण. त्या प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.

मी पायरीवर बसले आणि मला आमच्या चाळीसगावाजवळचे पाटणे आठवले. तिथल्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केल्याचे आणि निकुंभ राजांनी त्या मठाला दान दिल्याचे लिहिले आहे. इथे मुलाने वडिलांसाठी ग्रंथ ठेवण्याची जागा बांधली, तिथे नातवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी शिकवण्याची. इथली भिंत उभी आहे आणि ग्रंथ एकही उरला नाही. पाटण्याला मठाची भिंत दिसत नाही, ग्रंथ मात्र आजही वाचले जातात. ह्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “गावी गेल्यावर पाटण्याला जाऊ. मुलांना घेऊन सहलीला गेलीस तेव्हाच शेवटची गेली असशील.” ते खरे होते.

ग्रंथालयाजवळच डोंगरउतारावर श्रीमंतांची घरे आहेत, त्यांच्यावर मोठे छप्पर घातले आहे आणि त्यांचे तिकीट वेगळे. बहुतेक लोक तिकडे वळत नाहीत. आम्ही दोघे वीसातली पंधरा मिनिटे तिकडे धावत जाऊन आलो. रंगवलेल्या भिंती, जमिनीवरचे मोझेइक, आणि एका दालनात लांबलचक टेबलांवर मांडून ठेवलेले संगमरवराचे हजारो तुकडे, ज्यांतून भिंतीचे एकेक आवरण जुळवण्याचे काम वर्षानुवर्षे चाललेले आहे. ते पाहायला एक अख्खी दुपार हवी होती.

वाट संपते तिथे नाट्यगृह. चोवीस-पंचवीस हजार माणसे बसतील एवढे ते मोठे आहे. बायबलच्या नव्या करारात या जागेचा एक प्रसंग आहे. आर्टेमिसच्या देवळाच्या चांदीच्या लहान प्रतिकृती करून विकणारा डिमिट्रियस नावाचा चांदीकाम करणारा होता. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशाने आपला धंदा बसणार, देवीचा मान जाणार, असे सांगून त्याने कारागिरांना चेतवले, सारे शहर या नाट्यगृहात लोटले आणि दोन तास देवीच्या नावाचा जयघोष करत राहिले; कशासाठी जमलो आहोत हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते, असेही तिथे म्हटले आहे. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणारे लोक गडाखालून देवीचा चांदीचा टाक आणतात, तो देवघरात बसवतात. त्या टाकावर किती सोनारांची घरे चालतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून डिमिट्रियसचा राग मला परका वाटला नाही. अक्का खालच्या पायरीवर बसून गळ्यातल्या टाकाशी चाळा करत हे सारे ऐकत होत्या.

नाट्यगृहासमोरून एक रुंद रस्ता सरळ पश्चिमेला जातो. तो बंदराचा रस्ता. रात्री दिवे लागणाऱ्या प्राचीन जगातल्या थोड्या रस्त्यांपैकी एक. पाचशेहून अधिक मीटर लांबीच्या या रस्त्याच्या टोकाला आज बंदर नाही, गवताळ दलदल आहे. नदीने आणलेला गाळ शतकानुशतके साचत गेला, तो उपसण्याचे प्रयत्न अनेक राज्यकर्त्यांनी केले, आणि तरी समुद्र पाच-सहा किलोमीटर मागे हटला. जहाजे यायची थांबली, मग व्यापारी, मग यात्रेकरू. शहर हळूहळू ओस पडत गेले. त्या रस्त्यावर उलट्या दिशेने, जहाजातून उतरलेली तीन-चार हजार माणसे पाठीशी घेऊन, मी टोकाकडे पाहत उभी राहिले आणि इअरफोन पुन्हा खरखरू लागला.

परतीच्या वाटेवर बस आर्टेमिसच्या देवळापाशी दहा मिनिटे थांबली. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी हे एक. रोमन लेखक प्लिनीने त्याचे १२७ खांब मोजले आहेत. आज तुकडे रचून उभा केलेला एक खांब आहे आणि भोवती पाणथळ. “इतला दूर उनूत, आन् एकच खांब शे?” अक्कांनी विचारले. ही जागा शोधली जॉन टर्टल वुड याने; तो तिथल्या रेल्वेसाठी स्थानकांचे आराखडे करायला आलेला वास्तुविशारद होता. देऊळ कुठे होते हे कोणालाच माहीत नव्हते. नाट्यगृहात त्याला सालुतारिसचा तोच शिलालेख सापडला, मिरवणूक कोणत्या वेशीतून येते ते त्यात वाचून त्याने वेस शोधली, वेशीतून देवळाकडे जाणारा रस्ता खणत खणत पुढे गेला आणि १८६९च्या अखेरच्या दिवशी, सहाएक मीटर गाळाखाली, देवळाची फरशी त्याच्या हाती लागली. मिरवणुकीच्या वाटेने देऊळ सापडले, हे मी अक्कांना सांगितले. “मग बरं शे,” त्या म्हणाल्या, आणि खांबाला हात जोडले.

त्यानंतर आमची बस एका गालिच्यांच्या दुकानात नेण्यात आली. तिथे चहा देऊन पाऊण तास गालिचे उलगडून दाखवण्यात आले. विणकाम सुंदर होते, पण सेल्चुकचे पुरातत्त्व संग्रहालय, जिथे आर्टेमिसच्या मूळ मूर्ती आहेत, तिथून अगदी जवळ असून आम्हाला पाहता आले नाही. मी आयोजकांच्या माणसाकडे तशी लेखी नोंद केली. जहाजाच्या सहलीने जाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे की चार तासांतला किती वेळ अवशेषांत आहे आणि किती दुकानात.

पाचवा दिवस : रोड्स

तटबंदीतले जुने शहर सुरेख होते, पण माझे लक्ष आदल्या दिवशीच राहिले होते. डेकवर बसून इफेससची टिपणे लिहून काढली.

सहावा दिवस : नोसोस

क्रीट बेटावरचे हेराक्लिऑन बंदर आणि तिथून पाच किलोमीटरवर नोसोसचा राजवाडा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९००पासून तो खणला आणि नुसता खणून थांबले नाहीत. पडलेले मजले सिमेंट-काँक्रीटने पुन्हा उभे केले, खांब लाल-काळे रंगवले, भिंतींवर चित्रांच्या प्रतिकृती लावल्या. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ टीका केली आहे, कारण काय मूळचे आणि काय इव्हान्स यांच्या कल्पनेतले हे पाहणाऱ्याला कळत नाही.

अथेन्सला नवा दगड पांढरा ठेवतात, इफेससला पडलेलेच दगड पुन्हा रचतात आणि इथे काँक्रीट ओततात. गर्दीच्या दृष्टीने मात्र नोसोसच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या ज्यांना इतिहासाची विशेष आवड नाही, त्या मंडळींना सहा दिवसांत पहिल्यांदा “इथे जिना होता, इथून उजेड यायचा” असे स्वतः म्हणता आले. तरीही मी अथेन्सच्याच बाजूची. सिंहासनाच्या दालनासमोर पस्तीस मिनिटे रांगेत उभे राहून, कठड्यापलीकडची दगडी खुर्ची अर्धा मिनिट पाहिली. मागून लोक सरकत होते. विद्यार्थ्यांना या खुर्चीचे चित्र मी अनेकदा दाखवले होते, आणि खरे सांगायचे तर चित्रात ती अधिक वेळ पाहता येत असे.

सातवा दिवस : सँटोरिनी

जहाज खोल पाण्यात थांबले, लहान नावांनी काठाला गेलो आणि केबलकारच्या रांगेत तास गेला. वरची पांढरी घरे सर्वांनी पाहिलेली असतात. माझी नजर कड्यातल्या काळ्या-तांबड्या थरांवर होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाने हे बेट मधोमध खचले आणि समुद्र आत आला. आमच्या खानदेशातली कपाशीची काळी माती त्याहून कितीतरी जुन्या लाव्हारसाच्या खडकाची, म्हणून ते थर पाहताना भाऊंनी एक खडा खिशात घातला आणि पुन्हा, न्यायचा नसतो म्हणून, काढून ठेवला.

आठवा आणि नववा दिवस परतीचा. पिरियसला उतरलो, विमान, मुंबई, पहाटेची गाडी आणि चाळीसगाव.

दिवाळीआधीचा रविवार : पाटणे आणि पितळखोरे

ह्यांनी दिलेला शब्द पाळला. अक्का पाचोऱ्याहून आल्या आणि सकाळी आम्ही आधी पाटण्याला चंडिकेचे दर्शन घेतले, मग औट्रम घाट चढून पितळखोऱ्याला गेलो. पाऊस नुकताच सरला होता, सातमाळा अजून हिरवा होता आणि दरीत ओढ्याला पाणी होते. पायऱ्या उतरून लेण्यांशी पोहोचलो. बावीसशे वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली ही बौद्ध लेणी. खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग पुष्कळ ढासळला आहे, पण जोत्यावरची हत्तींची रांग अजून ओळखू येते. चैत्यगृहाच्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांतला एक प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सुगंधी द्रव्ये विकणारा मितदेव. पैठणहून खानदेशात उतरणारा व्यापाराचा रस्ता या घाटाजवळूनच जात असे, म्हणून एका अत्तरवाल्याचे नाव इथल्या खांबावर आले.

१९५०च्या दशकात इथला राडारोडा उपसताना यक्षाची एक हसरी मूर्ती सापडली, आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरले आहे की ही कान्हदास सोनाराने केली. दगडाच्या मूर्तीवर सोनाराने आपले नाव घातले, हे मी अक्कांना दाखवायला जागा शोधत होते, पण तिथे आता नुसते अंगण आहे.

अक्का हत्तींसमोरच्या दगडावर बसल्या. त्यांनी डबा उघडला, भरीत आणि कळण्याची भाकरी काढली, आणि वर-खाली पाहून म्हणाल्या, “आठे ते कोणीच नही शे.” सकाळपासून आम्ही चौथा माणूस पाहिला नव्हता. कोणाच्या हातात पाटी नव्हती, परत कधी निघायचे ते ठरलेले नव्हते. मी चैत्यगृहात पुन्हा गेले आणि मितदेवाच्या नावाची ओळ बोटाने हवेत गिरवत, अक्षर अक्षर लावत बसले. ह्यांनी बाहेरून दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा ते नाव निम्मेच वाचून झाले होते.